चाचांचा डबा आणि माझा तराजू

पांढुर्ण्याच्या आमच्या बेकरीत तराजू होता, पण तो पुढे, गल्ल्याजवळ. टोस्ट आणि खारी तोलून देण्यापुरता. मागे, जिथे पीठ भिजायचं आणि भट्टी पेटायची, तिथे तराजूला जागा नव्हती. तिथे इब्राहिमचाचांचा डबा चालायचा. वनस्पती तुपाचा जुना डबा वरून कापून, काठ ठोकून गुळगुळीत करून त्याला तारेचा कान लावलेला. डबाभर मैदा, डबाभर साखर, अर्धा डबा तूप, एक मूठ रवा, मिठाची अर्धी मूठ. एवढ्यावर आमच्या गावाची दिवाळी व्हायची.

बेकरी चाचांची. माझे मिस्टर देविदास त्यांच्याकडे भट्टीवर होते. मी रामाकोन्याची. आमच्या वस्तीतल्या बायका संत्र्याच्या तोडणीला आणि कापूस वेचायला जायच्या, मीही जायची. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले तेव्हा बेकरीचं काम म्हणजे पत्रे घासणं एवढंच मला माहीत होतं. बिस्किटं ज्यावर भाजतात ते लोखंडी पत्रे. ते घासता घासता मी आत सरकले, मग पीठ चाळायला बसले, मग गोळे वळायला. ऐंशीचं सबंध दशक माझं त्या भट्टीसमोर गेलं. आज नागपुरात मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून हे लिहिते आहे. कामाबद्दल लिहा असं कुणीतरी म्हटल्यावर मला वाटलं, बिस्किटाबद्दल कोण वाचणार? पण वजन-मापाबद्दल मला सांगता येईल. त्यातच माझं आयुष्य गेलं, आणि त्यातच माझं माणूसही गेलं.

बाहेरच्या माणसाला आधी आमच्या दिवाळीच्या भट्टीचं सांगायला हवं. तेव्हा घरोघरी ओव्हन नव्हते. दसरा सरला की बायका मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत यायच्या. सामान त्यांचं, हात आणि आग आमची. आम्ही नानखटाई करून द्यायचो. सामान आणणारी बाई तिथेच ओट्यावर बसून राहायची, आपल्या तुपावर नजर ठेवून. चार डबे शेजारी असले की प्रत्येकीला दुसरीच्या तुपाचा रंग पिवळा दिसायचा.

घोटाळा मापाचा असायचा. म्हाताऱ्या बायका शेर-पायलीत बोलायच्या. त्यांच्या सुना वाटीत बोलायच्या. दुकानदारानं दिलेलं किलोत असायचं. चाचा कुणाचंच ऐकायचे नाहीत. सगळं सामान परातीत ओतून घ्यायचे आणि आपल्या डब्यानं पुन्हा मोजायचे. उरलेलं बाईच्या पिशवीत परत. मी एकदा म्हटलं, "चाचा, तराजू आणू का मागे? लवकर होईल."

ते हसले. "बेटी, वजन दुकानदाराचं. माप घराचं. घरच्या खाण्यात कायले काटा आणते?"

चाचा आमच्याशी असंच बोलायचे, अर्धं हिंदी, अर्धं आमचं. उंच, वाकलेले, भुवयांवर नेहमी मैदा. बायको फार पूर्वी वारली होती. एकच मुलगी, नूरजहाँ, तिला आमल्याला दिलेली. बेकरीच्या मागच्या खोलीत एकटेच राहायचे. मला बेटी म्हणायचे, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. माझ्या पहिल्या बाळंतपणात त्यांनी घरी खिमट पाठवलं होतं, स्वतः शिजवून.

माझ्या हातात तराजू आला तो एका केकमुळे.

रेल्वे क्वार्टरमध्ये एक नवी सूनबाई आली होती, ज्योती नावाची. नागपूरला केकच्या क्लासला जाऊन आलेली. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला केक करायचा होता. सगळं मिश्रण घरून तयार करून ती आमच्याकडे फक्त भाजायला घेऊन आली. भट्टीतून निघाला तो केक नव्हता. मध्ये खड्डा, कडेला दगड. सुरीनं कापला तर आत ओला. पोरगी रडायलाच लागली.

चाचांनी विचारलं, "किती मैदा टाकला वं?"

"दोन कप."

"कोणता कप?"

ती चाचांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कप म्हणजे... आमचा चहाचा."

"आणि दूध?"

"दूध मगमध्ये मोजलं. तोही कपच आहे ना?"

चाचा उठले. त्यांनी तिला बेकरीतले बन दिले, वर साखरेचा पाक लावून, चेरी ठेवून. पोराचा वाढदिवस बनवर झाला. पण मला चैन पडेना. पुढच्या खेपेला ज्योती नागपूरला निघाली तेव्हा मी तिला म्हटलं, "त्या क्लासवाल्या बाई ज्या कपानं मोजतात तो घेऊन ये. मले पाहायचा आहे."

तिनं आणला. ॲल्युमिनियमचा, आपल्या चहाच्या कपाच्या जवळजवळ दुप्पट. त्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी पुढे तराजूजवळ बसले आणि त्या कपात एकेक वस्तू भरून तोलायला लागले. चाळलेला मैदा हलक्या हातानं भरला तर सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर. तोच मैदा कपानं पोत्यातून खुपसून काढला तर दीडशेच्या घरात. कप आपटून भरला तर आणखी वर. आणि साखर? तेवढाच कप, दोनशे ग्रॅम!

मी दोनदा तोलून पाहिलं. मला वाटलं तराजूच बिघडला. मला कुणी सांगितलंच नव्हतं की एकाच भांड्यात एक वस्तू एवढी जड आणि एक एवढी हलकी असते. सांगायला कशाला हवं, कापूस आणि संत्री दोन्ही मी डोक्यावर वाहिली होती. पण डोक्याला कळलेलं हाताला कळायला वेळ लागतो.

ज्योतीला मी सगळं ग्रॅममध्ये करून दिलं. पुढचा केक फुगला. ती दारातच मला बिलगली, तेव्हा तिच्या सासूबाई बाजूलाच उभ्या होत्या आणि त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मला त्याचं काही वाटलं नाही. केक फुगला होता.

चाचांनी लांबून पाहिलं आणि म्हणाले, "तू काहून एवढा जीव लावून राहिली त्या काट्याले?"

"चाचा, तुमचा डबा तोलून पाहू का एकदा?"

"माझा डबा माझ्यासंग जाईल," ते म्हणाले. रागानं नव्हे. रोज सकाळी ऊन कुठून येतं ते सांगावं तसं.

दोनएक वर्षांनी, दसऱ्याच्या आसपास, सकाळी चाचा मैदा मोजत होते. डबा हातातून पडला. ते खाली वाकले उचलायला, आणि वाकलेलेच राहिले. देविदासनं धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लोंबत होता. लकवा. दवाखान्यात नेलं, जीव वाचला. आमल्याहून नूरजहाँआपा पॅसेंजरनं आल्या आणि वडिलांना घेऊन गेल्या. जाताना चाचांनी डाव्या हातानं देविदासकडे किल्ली दिली. बोलता येत नव्हतं. डोळ्यांनी भट्टीकडे दाखवलं.

दिवाळी तोंडावर. बायकांनी आधीच नंबर लावून ठेवलेले. देविदास घरी येऊन जमिनीवरच बसला. "मले आग येते," म्हणाला. "भट्टी किती तापली ते मी हात घालून सांगतो. पण माप नाही येत मले. चाचांनी कोणालेच हात लावू दिला नाही डब्याले."

"डबा आहे ना."

"डबा आहे. मूठ नाही."

खरं होतं. डबा मी भरू शकत होते, पण चाचा तो ठोकून भरायचे की हलका, हे मला आठवून आठवून शोधावं लागलं. मूठ तर माझी त्यांच्या निम्मी. मी ठरवलं, सगळं तराजूवर आणायचं. एकदा वजन बसलं की कुणाच्या हाताचा प्रश्न उरणार नाही. चाळलेला मैदा डबाभर, तो भरला अर्धा किलोच्या थोडा वर. साखर डबाभर, साडेआठशे. तूप, बेसन, रवा. मुठीच्या जागी मी देविदासची मूठ धरली, त्याचा हात चाचांएवढा होता. बसलं सगळं. आता कुणीही येऊ दे.

पहिल्या आल्या सौंसरच्या वत्सलाकाकू. संत्र्यांची मोठी बाग असलेलं घर. माहेर पांढुर्ण्याचं म्हणून दरवर्षी नानखटाई आमच्याच भट्टीवर. त्या वर्षी मुलीचा दिवाळसण, जावई पहिल्यांदा येणार, म्हणून सामान दुपटीनं. बसमधून उतरून, दोन्ही हातांत डबे घेऊन त्या आत आल्या आणि मला परातीपुढे बसलेली बघून थबकल्या.

"चाचा कुठं आहेत?"

मी सांगितलं. त्या ओट्यावर बसल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, पदरानं डोळे टिपले. मग म्हणाल्या, "मग मी सामान परत नेतो, कुसुम. माझ्या मैद्याले चाचाचाच हात लागते."

ते हाताच्या कसबाबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, मी विचारलं नाही. आमच्याकडे काही गोष्टी विचारायच्या नसतात, विचारल्या की उत्तर मिळतं. मी म्हटलं, "काकू, हातानं नाही करत मी. काट्यानं करते. काटा कोणाचाच नसते. एक पत्रा पाहा, नाही आवडला तर उरलेलं सामान तसंच न्या."

जावई आठवला असेल. त्या बसून राहिल्या.

मी त्यांचं सामान तोललं. साखर तोलली आणि जात्यावर दळून पिठी केली. तूप फेटलं, पीठ मळलं, गोळे वळले, पत्रा भट्टीत गेला. देविदास दाराशी वाकून बघत होता. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "कुसुम, इकडे ये वं."

गोळे फुगले नव्हते. वितळून पसरले होते. पत्रा बाहेर काढला तर सगळे एकमेकांना चिकटलेले, पातळ, चकाकणारे. काकू उठून जवळ आल्या.

"हे काय पापड झाले वं बाई!"

 उरलेलं अर्धं पीठ परातीत पडलेलं. ओट्यावर आणखी दोन बायका सामान घेऊन बसलेल्या, त्या उठून उभ्या राहिल्या. एकजण दुसरीला हळूच म्हणाली, "चाल, वरूडले माझी नणंद आहे, तिकडे एक बेकरी आहे म्हणते."

देविदास म्हणाला, "तूप जास्त झालं का?"

तूप नव्हतं. तूप मी तीनदा तोललं होतं. मी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. गोड, दात शिवशिवतील एवढा गोड. साखर! पण साखर तर डबाभरच घेतली. चाचाही डबाभरच घ्यायचे. मी डोळे मिटून चाचांना आठवलं. सकाळ, जातं, त्यांच्या मांडीवर फडकं. आधी दळत होते ते. आधी दळायचे, मग डबा भरायचे.

मी पिठीसाखरेनं डबा भरला आणि पुढे पळाले, तराजूकडे. साडेपाचशे. तोच डबा, तीच साखर, पण दळली की तिच्या पोटात हवा भरते. मी दाण्याच्या साखरेचं वजन धरलं होतं. डब्यामागे तीनशे ग्रॅम साखर जादा गेली होती.

"काकू," मी म्हटलं, "साखर जास्त झाली. माझं माप चुकलं. उरलेल्या पिठात मी बेकरीचा मैदा आणि तूप मिळवते, पत्रा पुन्हा लावते. तुम्हाले चालते का?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. नंतर कधीतरी त्यांनी मला सांगितलं की त्या वेळी माझा चेहरा त्यांच्या मुलीसारखा दिसत होता, लग्नाच्या दिवशी. तेव्हा मात्र एवढंच म्हणाल्या, "लाव."

उरलेल्या पिठात किती साखर जादा आहे त्याचा हिशेब मी बोटांवर केला, त्या हिशेबानं मैदा आणि तूप मिळवलं. दुसरा पत्रा गेला. देविदास दारातून हलला नाही. आणि मग तो हसला, तेव्हा मला कळलं. गोळे गोल राहिले होते, वर बारीक बारीक तडे पडत होते. नानखटाईला तडा पडला की ती झाली.

काकूंनी एक खाल्ली. हळूहळू. मग पिशव्या भरायला लागल्या, आणि पातळ झालेल्याही उचलल्या. मी म्हटलं त्या राहू द्या, तर म्हणाल्या, "माझं तूप आहे त्यात, राहू कसं देऊ?"

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर त्या पुन्हा आल्या. ओट्यावर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "कुसुम, काटा काढ. आणि ऐक, एक पत्रा त्या पापडाचा कर. जावई म्हणते मले त्याच पाहिजे, कुरकुरीत वाल्या." आम्ही दोघी ओट्याला धरून हसलो. त्यानंतर दरवर्षी त्या घरासाठी मी एक पत्रा मुद्दाम चुकीचा केला. इतक्या काळजीनं मी दुसरं काहीच तोललं नसेल.

त्या पहिल्या दिवाळीत सगळ्यांची नानखटाई निघाली. कुणी परत गेलं नाही. बायका म्हणायच्या, तशीच झाली वं, चाचांसारखीच. मी मान हलवायची. पण मला माहीत होतं की ती तशी नव्हती. दिसायला होती, मोडायला होती, जिभेवर विरघळायलाही तशीच. तरी घास गिळल्यावर काहीतरी मागे राहायचं ते राहत नव्हतं. देविदासला कळायचं नाही. "तुले भास होऊन राहिले," म्हणायचा.

दिवाळी झाली तशी मी डबाभर नानखटाई घेऊन आमल्याला गेले. बरोबर तराजू नेला, कापडात गुंडाळून. लहान वजनंही नेली. गाडीत शेजारची बाई विचारत होती, दुकान लावता का कुठं?

चाचा अंगणात बाजेवर बसले होते. थोडं बोलता येत होतं, शब्द जड. समजलं नाही तर नूरआपा सांगायच्या. मी पाया पडले. त्यांनी डावा हात डोक्यावर ठेवला. नानखटाई दिली. आपांना देऊ लागले तर म्हणाल्या, अब्बांसाठी राहू दे. चाचांनी डोळे मिटून खाल्ली. 

"चांगली आहे," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "माझी नाही."

"काय कमी आहे, चाचा?"

"मीठ... माझं नाही."

मग माझ्या लक्षात आलं. चाचा खडेमीठ ओबडधोबड कुटून त्याची अर्धी मूठ घ्यायचे. मी दुकानातून बारीक मीठ आणलं होतं. बारीक मीठ मुठीत दाटून बसतं, खड्यांमध्ये फटी राहतात. मूठ तीच, वजन वेगळं. मी लगेच तराजू काढला. आपांकडून खडेमीठ मागून घेतलं, कुटलं, परातीत ओतून त्यांच्यापुढे ठेवलं. "चाचा, मूठ भरा. डाव्या हातानंच भरा. मी तोलते."

त्यांनी भरली. मी तोलली. पुन्हा भरली. वेगळंच वजन. तिसऱ्यांदा बोटांच्या फटींतून मीठ बाजेवर सांडलं. ते सांडलेलं मीठ बोटानं गोळा करू लागले, आणि मला वाटलं, हे मी काय करून राहिले.

"सोड, बेटी," ते म्हणाले. "उलटा हात झूठा आहे."

मी तराजू बाजूला ठेवला. मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. भट्टी सकाळी कोण पेटवते? बाभळीचं लाकूड मिळते का अजून? मागच्या दारातून ऊन परातीपर्यंत येते का? धुराड्यातल्या चिमण्या आहेत का गेल्या? मी एकेक सांगत गेले. नानखटाईबद्दल त्यांनी पुन्हा विचारलंच नाही. मी चव शोधत आले होते, आणि ते दार शोधत होते. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा म्हणाले, "मले घेऊन चाल पांढुर्ण्याले." आपा आत निघून गेल्या. मी म्हटलं, उन्हाळ्यात नेते, चाचा. थंडी जाऊ द्या.

थंडीतच गेले ते.

तार आली तेव्हा आम्ही दोघं गेलो. भट्टी त्या दिवशी पेटली नाही. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतरच्या दिवसांत मी वेड्यासारखी तोलत राहिले. मिठाचं वजन बदललं, वेलचीचं बदललं, बेसन वाढवलं, कमी केलं. गिऱ्हाइकांना फरक कळत नव्हता, त्यांना आवडतच होतं. देविदास एकदा म्हणाला, "आता आपलीच होऊ दे ना वं. चाचांनीच किल्ली दिली आपल्याले." बरोबर बोलला होता तो. पण मला माझी नको होती. माझी मला रोजच मिळत होती. मला ती पाहिजे होती जी खाल्ली की परातीपलीकडे कुणीतरी वाकून बसलंय असं वाटायचं.

बेकरीचं काय करायचं ते ठरवायला नूरआपा पांढुर्ण्याला आल्या. देविदासनं भाडं देऊन चालवावी असं ठरलं, पाच मिनिटांत. मग त्या मागच्या दारात उभ्या राहिल्या. लहानपणी त्या इथेच वाढलेल्या. म्हणाल्या, "अब्बांची नानखटाई खाऊन किती वर्षं झाली. दिवाळीत व्हायची ती, आणि लग्नानंतर दिवाळीत मी इथं कधी आलीच नाही."

मी पत्रा लावला. त्या दिवसापर्यंतचं माझं सगळ्यात नेमकं वजन. काढली तेव्हा वास आला आणि माझा हात थांबला. मी एक खाल्ली. मागे राहायचं ते राहिलं. अगदी तीच होती. मला रडू फुटेल असं वाटलं, मी ताटली आपांपुढे केली.

त्यांनी घास घेतला, चावला, आणि माझ्याकडे बघितलं.

"ही अब्बांची नाही."

"तीच आहे, आपा. तंतोतंत आहे."

"अब्बांच्या नानखटाईत इलायची नसायचीच. आणि एवढी गोड कुठं?"

"इलायची नसायची? मी स्वतः कुटून द्यायची त्यांना!"

"अगं, मी खाल्ली ना लहानपणापासून!"

"मीही खाल्ली, आपा!"

आवाज चढले. देविदास भट्टीजवळून डोकावून गेला. दोघी परातीच्या दोन्ही बाजूंना बसून, मेलेल्या माणसाच्या साखरेवरून भांडत होतो.  मग हातातला अर्धा तुकडा आपांनी ताटलीत ठेवला.

"अम्मीले इलायचीचा वास सहन व्हायचा नाही," त्या म्हणाल्या. "माझं लग्न झाल्यावर ती गेली. ती होती तोवर घरात इलायची आलीच नाही. गोडही तिले कमी लागायचं."

मग नंतर कधी टाकायला लागले, कशासाठी टाकायला लागले, ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. अम्मी गेल्यावर, एवढंच. विचारायला कुणी उरलं नव्हतं. माझ्या माहितीचे चाचा त्यानंतरचे होते. सकाळी एकटे उठून भट्टी पेटवणारे, मागच्या खोलीत एक ताट वाढून घेणारे.

मी उठले. "आपा, तुम्ही सांगा. मी तोलते."

त्या सांगत गेल्या, आणखी कमी, अजून थोडी कमी, बस. साखर मी काट्यावरून चिमटीचिमटीनं उतरवली. वेलची घेतली नाही. दुसरा पत्रा गेला. दुपारचं ऊन मागच्या दारातून आत आलं होतं. दोघी परातीपाशी बसलो. निघाल्यावर आपांनी गरमच तोंडात टाकली, तोंड भाजलं, आणि त्या हसत रडायला लागल्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

तो पत्रा मी त्यांना आमल्याला नेण्यासाठी बांधून दिला. बांधताना एक बाजूला काढली आणि स्टेशनवरून परत आल्यावर भट्टीसमोर बसून खाल्ली. फिकी, सरळ, तुपाचा नुसता वास. मला ती चव अजिबात ओळखीची नव्हती. ही अशा एका माणसाची होती जो काम संपवून घरी जायचा तेव्हा दार आतून उघडायचं. त्या चाचांना मी कधी पाहिलं नाही. तरी त्या दुपारी मला त्यांची एवढी आठवण आली की मी बराच वेळ उठलेच नाही.